पालिकेचं कंत्राट, पण पगार किमान वेतनापेक्षा कमी?

काजूबोंडू:
माझा भाऊ गोव्यातल्या एका पालिकेत कचरा गोळा करायच्या गाडीवर आहे, कंत्राटदारामार्फत. सही एका आकड्यावर आणि हातात भलताच आकडा, वर पीएफ कापतात म्हणे पण पासबुकात काय दिसत नाही. पालिकेत विचारलं तर म्हणतात कंत्राटदाराला विचार. आता कुणाकडे जायचं?

रापणकार:
पालिका हात झटकू शकत नाही रे. कंत्राटदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ मालकाने म्हणजे पालिकेनेच भरायचा आणि मग त्याच्या बिलातून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, नव्या लेबर कोडमध्येपण ठेवलंय. पणजीत पाटोला श्रमशक्ती भवन आहे, तिथे लेबर कमिशनरकडे लेखी तक्रार दे. पीएफची तक्रार वेगळी, ती ईपीएफओकडे.

शांतादुर्गा७२:
बँक स्टेटमेंट आणि हजेरीचे फोटो आधी जमव बाबा, तक्रार केल्यावर हजेरीबुक अचानक हरवतं (अनुभव!)

पावसाळी_बेडूक:
मुळात किमान वेतनात तरी कुठे भागतं, भाडं बघा इथलं. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने 1994 लाच ठरवलं की पालिकेचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराने जगण्यापुरता पगार द्यायचा, किमान वेतनाच्या वर. आमच्या घटनेत कलम 43 मध्ये निर्वाह वेतन आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन मागता येत नाही. आणि टेंडर परत सगळ्यात कमी बोलीवाल्यालाच.

काजूबोंडू:
सोमवारी जातो पाटोला. भाऊ घाबरतोय, काढून टाकतील म्हणून.