प्रमाणित आरटीओएस नव्या कंट्रोलरवर: पुन्हा काय तपासायचं?

बॅटरीपॅक:
इलेक्ट्रिक गाडीची बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा), एएसआयएल-सी (आयएसओ २६२६२ मधली सुरक्षा-पातळी; ए ते डी, डी सर्वांत कडक). आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) कर्नलला एएसआयएल-डीचं प्रमाणपत्र आहे, पण कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसरसाठी. आमचा कंट्रोलर कॉर्टेक्स-आर५, कंपायलरही नवा. शिवाय करंट मोजणारं मॉड्यूल जुन्या प्रकल्पातून घ्यायचंय, ते ५ वर्षं विनातक्रार चालतंय. असेसरला (सुरक्षेचे पुरावे तपासणाऱ्याला) एवढं पुरेल का?

रजिस्टरबँक:
नाही. आधी कर्नलचं सेफ्टी मॅन्युअल काढा. घटक कुठल्या गाडीत जाणार हे ठाऊक नसताना तो काही गृहीतकांवर बनवलेला असतो: एमपीयू (मेमरीचं संरक्षण करणारं हार्डवेअर) चालू आहे, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर रिसेट करणारा टायमर) बाहेरचा आहे वगैरे. प्रत्येक गृहीतकापुढे ते तुमच्याकडे कुठे पाळलं जातं आणि कोणत्या चाचणीत दिसतं, हे लिहा.

खरी जोखीम पोर्ट लेयरमध्ये, म्हणजे कर्नलला त्या-त्या प्रोसेसरशी जोडणाऱ्या कोडमध्ये. एम४ इंटरप्टच्या वेळी ८ रजिस्टर हार्डवेअरमधूनच स्टॅकवर टाकतो, आर५ टाकत नाही. म्हणजे टास्क बदलणारं असेंब्ली पूर्ण नवं, त्याला एम४चं प्रमाणपत्र लागूच होत नाही. आर५ पोर्टचं वेगळं प्रमाणपत्र आहे का, हे पुरवठादाराला आजच विचारा.

ऑब्जेक्टकोड:
कव्हरेज (चाचणीत किती कोड चालला) मोजताना कोडमध्ये प्रोब (नोंद ठेवणाऱ्या जादा ओळी) घातले जातात, त्यामुळे तपासलेली बायनरी आणि गाडीत जाणारी बायनरी वेगळी पडते. त्याच टेस्ट केस प्रोबशिवाय, रिलीजच्याच कंपायलर फ्लॅगने, प्रत्यक्ष आर५वर पुन्हा चालवा आणि निकाल ताडून पाहा. नव्या कंपायलरसाठी हे टाळू नका.

बॅटरीपॅक:
पण करंटच्या मॉड्यूलमध्ये एकही ओळ बदललेली नाही.

सीमारेषा:
एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं इनर्शियल रेफरन्स (रॉकेटची दिशा आणि वेग मोजणारं) सॉफ्टवेअरही आधीच्या एरियान ४कडून जवळपास जसंच्या तसं आलं होतं. ४ जून १९९६च्या पहिल्या उड्डाणात आडवा वेग जुन्या रॉकेटपेक्षा झपाट्याने वाढला आणि ६४ बिटची फ्लोटिंग संख्या १६ बिटमध्ये मावली नाही. राखीव युनिटमध्येही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे दोन्ही बंद पडली. ती गणना एरियान ५ला उड्डाणानंतर लागतही नव्हती.

तुमच्याकडे करंट १६ बिट साइन्ड (धन-ऋण दोन्ही), ०.०१ अँपिअरच्या पायरीने असेल तर कमाल ३२७.६७ अँपिअर. नव्या पॅकने ४०० अँपिअर खेचले आणि आकडा उलटला, तर −२५५.३६ दिसेल: डिस्चार्ज होत असताना चार्जिंग!

५ वर्षांचा दाखला 'प्रोव्हन इन यूज' (वापरातून सिद्ध) म्हणून मांडायचा तर एएसआयएल-सीला १२ कोटी तास लागतात, तेही सुरक्षेला बाधा आणणारी एकही घटना न घडता आणि तशाच कॉन्फिगरेशनमध्ये. पॅक, कंट्रोलर, कंपायलर तिन्ही बदलल्यावर तो मांडू नका. प्रत्येक इनपुटची नवी कमाल-किमान मर्यादा लिहा आणि मर्यादेच्या आतली, नेमकी मर्यादेवरची, बाहेरची अशी मूल्यं देऊन चाचणी घ्या.