पाच वर्षांच्या जगण्याचा दर खर्च-परिणामकारकतेच्या मॉडेलमध्ये घ्यावा का?

अर्धविराम (प्रश्न)

कर्करोगाच्या स्क्रीनिंगचं मॉडेल एक्सेलमध्ये बांधतोय, दोन ठिकाणी अडलोय. नोंदणीच्या डेटानुसार स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्या रुग्णांपैकी ८५ टक्के पाच वर्षांनी हयात असतात, लक्षणं दिसल्यावर आलेल्यांपैकी ४० टक्के. हा ४५ टक्क्यांचा फरक फायदा म्हणून धरला आणि त्यावरून क्वाली (आयुष्याचा दर्जा धरून मोजलेली आयुष्यवर्षं) काढले. दर १,००० लोकांमागे आलेले आकडे (खर्च काल्पनिक एककांत):

स्क्रीनिंग नाही: खर्च २,०००, जादा क्वाली ०
दर ३ वर्षांनी: ५,०००, ६०
दर २ वर्षांनी: ६,५००, ७२
दरवर्षी: १०,७००, ७९

म्हणजे दरवर्षीच्या तपासणीत एका क्वालीमागे ८,७०० ÷ ७९ = ११० एकक. एका क्वालीमागे जास्तीत जास्त १५० एकक अशी मर्यादा ठरली आहे, म्हणून दरवर्षीची शिफारस केली. परीक्षकांचे शेरे दोनच: "लीड टाइमचं काय?" आणि "इन्क्रिमेंट कुठे आहे?" पाच वर्षांच्या दराऐवजी स्टेजनुसार (आजार किती पसरलाय त्यानुसार) जगण्याचा दर घेतला तर पहिला शेरा निकाली निघेल का?

सहगट

८५ वजा ४० ही वजाबाकीच करता येत नाही. दोन्ही गटांत दिवस मोजायला वेगवेगळ्या क्षणी सुरुवात झाली आहे. समजा काही लोकांना ६७व्या वर्षी लक्षणं दिसतात आणि सगळे ७०व्या वर्षी जातात. पाच वर्षांचा दर शून्य. त्यांचीच गाठ तपासणीत ६०व्या वर्षी सापडली आणि तरीही ते ७०व्या वर्षीच गेले, तर दर थेट १०० टक्के. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, रुग्ण म्हणून काढलेली वर्षं तेवढी तीनाची दहा झाली.

लक्षणांच्या जितकं आधी निदान झालं तो काळ, हा लीड टाइम. पण एवढंच असतं तर लीड टाइम वजा करून काम भागलं असतं. संथ वाढणारी गाठ लक्षणांविना वर्षानुवर्षं बसून असते, म्हणून ठरावीक अंतराने होणाऱ्या तपासणीत तीच जास्त सापडते. झपाट्याने वाढणारी दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणं घेऊन हजर होते. त्यामुळे तुमच्या ८५ टक्केवाल्या गटात मुळातच सौम्य आजारांची भरती आहे.

आणि त्याचं टोक म्हणजे अतिनिदान. १,००० वाढणारे कर्करोग, त्यातले ४०० रुग्ण पाच वर्षं जगतात: ४० टक्के. तपासणीने आणखी असे ५०० शोधले, जे आयुष्यभर त्रास देणारच नव्हते. ते सगळे जगणार. ९०० भागिले १,५००, दर ६० टक्के. मृत्यू आधीही ६०० आणि आताही ६००. दक्षिण कोरियात २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या सुमारे १५ पट झालं होतं, मृत्युदर मात्र जागच्या जागी. जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला चेतापेशींचा कर्करोग) शोधत. अशाच तपासणीच्या क्यूबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: रुग्ण वाढले, मृत्यू घटले नाहीत. जपानने पुढे तो कार्यक्रम थांबवला.

तेव्हा अंशात त्या कर्करोगाने झालेले मृत्यू घ्या, छेदात तपासणीला बोलावलेले सगळे (आलेले आणि न आलेलेही), आणि मोजणी रँडमायझेशनच्या (लोकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडल्याच्या) दिवसापासून. उदाहरणच हवं तर अमेरिकेतली एनएलएसटी चाचणी (ट्रायल), २०११: ५३,४५४ लोक, लो-डोस सीटी विरुद्ध छातीचा एक्स-रे. फुप्फुसाच्या कर्करोगाने दर १ लाख व्यक्तिवर्षांमागे मृत्यू २४७ विरुद्ध ३०९, म्हणजे २० टक्के घट. मॉडेलमध्ये जायला हवा तो हा आकडा.

पायरीपायरीने

स्टेजने शेरा निकाली निघणार नाही. स्टेज एकमधले स्क्रीनिंगचे रुग्ण आणि स्टेज एकमधले लक्षणांचे रुग्ण यांचा आजार सारखाच असतो, हे गृहीतक तुम्ही गुपचूप आत घेताय. ते कसं फसतं ते ब्रिटनच्या यूकेसीटॉक्स चाचणीत बघा. अंडाशयाच्या कर्करोगासाठी दोन लाखांहून जास्त स्त्रिया, निष्कर्ष २०२१ मध्ये. रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाच्या चढउतारावर लक्ष ठेवणाऱ्या गटात स्टेज एकचं प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांनी वाढलं, स्टेज चारचं सुमारे २४.५ टक्क्यांनी घटलं. मृत्युदरात फरक नाही. स्टेजवर उभं केलेलं कुठलंही मॉडेल इथे झकास फायदा दाखवून मोकळं झालं असतं.

मॉडेल असं बांधा. चार अवस्था: निरोगी, लक्षणपूर्व पण चाचणीत दिसू शकणारा आजार, लक्षणांसह आजार, मृत्यू (त्या कर्करोगाने आणि इतर कारणांनी, वेगवेगळे). प्रत्येक व्यक्तीचा स्क्रीनिंग नसतानाचा जीवनपट आधी काढा: लक्षणं कधी, मृत्यू कधी. मग तीच व्यक्ती, तेच रँडम आकडे घेऊन स्क्रीनिंग लावा. आजार लवकर सापडला, तरी जगण्याची मोजणी ज्या तारखेला लक्षणं दिसली असती त्याच तारखेपासून सुरू करा आणि फायदा फक्त हॅझार्ड रेशोतून (दोन गटांतल्या मृत्यूच्या वेगाच्या गुणोत्तरातून) द्या. हे व्यक्तीनिहाय सिम्युलेशन आहे. एक्सेलमध्ये जीव जाईल, आर किंवा पायथनमध्ये करा.

कॅलिब्रेशनची (मॉडेल खऱ्या डेटाशी जुळतंय का ते बघण्याची) सोपी चाचणी: लक्षणपूर्व आजाराचं प्रमाण ≈ वार्षिक नवे रुग्ण × लक्षणपूर्व काळाची सरासरी. हजारी २ नवे रुग्ण आणि ३ वर्षं धरली तर हजारी ६. सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती जण चाचणीत पकडले जातात) ८० टक्के असेल तर पहिल्या फेरीत ४.८ सापडायला हवेत. डेटात ९ दिसत असतील तर एक तर तो काळ जास्त लांब आहे, नाही तर अतिनिदान आहे. गोम अशी, की लांब काळ आणि कमी सेन्सिटिव्हिटी, किंवा छोटा काळ आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, दोन्ही जोड्या पहिल्या फेरीशी जुळतात. दोन फेऱ्यांमधल्या काळात लक्षणांनी उघड झालेले कर्करोग शेजारी ठेवल्याशिवाय त्यातली खरी जोडी निवडता येत नाही. आणि मॉडेलचं सायकल (गणिताच्या एका पायरीचा काळ) एक वर्षाचं ठेवू नका. सहा महिन्यांत वाढणाऱ्या गाठी त्यात गायबच होतात. तीन महिने बरं.

अर्धविराम

समजलं. मग एनएलएसटीसारख्या चाचणीतली मृत्यूतली घट थेट घेऊन तिला आमच्या अपेक्षित उपस्थितीने, म्हणजे ५० टक्क्यांनी गुणलं तर?

सहगट

नाही, दोनदा कापलं जाईल. चाचणीचा आकडा बोलावलेल्या सगळ्यांवर काढलेला असतो; न आलेले त्यात आधीच मोजले गेलेत. समजा चाचणीत उपस्थिती ७० टक्के आणि घट १४ टक्के. तर आलेल्यांमधली घट अंदाजे १४ ÷ ०.७ = २० टक्के, आणि तुमच्या ५० टक्के उपस्थितीत १०. तुमच्या पद्धतीने ७ आले असते. (न येणाऱ्यांची मुळातली जोखीम वेगळी असते, त्यामुळे हा ढोबळ हिशोब आहे.)

नियंत्रण गटाकडेही (ज्यांना तपासणीला बोलावलं नव्हतं) बघा. प्रोस्टेटसाठीच्या अमेरिकेतल्या पीएलसीओ चाचणीत नियंत्रण गटातल्या बहुतेक पुरुषांनी बाहेर पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी करून घेतली होती, आणि मग फरक दिसला नाही. ती तुलना 'तपासणी विरुद्ध काहीच नाही' अशी वाचता येत नाही.

छेदस्थान

फॉल्स पॉझिटिव्हबद्दल (आजार नसताना 'आहे' म्हणणाऱ्या निकालांबद्दल) अजून कुणीच बोललेलं नाही, आणि खर्चाचं भगदाड बहुतेक वेळा तिथेच असतं. १,००,००० लोक, आजाराचं प्रमाण ०.५ टक्के, म्हणजे ५०० रुग्ण. सेन्सिटिव्हिटी ८०, स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना चाचणी बरोबर 'नाही' सांगते) ९५ टक्के. खरे पॉझिटिव्ह ४००, खोटे ४,९७५. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या सातआठ जणांनाच कर्करोग आहे.

चाचणी १ एकक, पुढचा तपास (इमेजिंग, बायोप्सी) १५ एकक धरा. पुढच्या तपासाचा खर्च ५,३७५ × १५ = ८०,६२५, म्हणजे चाचण्यांच्या एकूण खर्चाच्या जवळ. स्पेसिफिसिटी ९७ झाली तर खोटे पॉझिटिव्ह २,९८५ आणि हा खर्च ५०,७७५. २९,८५० एकक वाचले आणि एकही निदान हातचं गेलं नाही. पण कटऑफ (ज्या आकड्यापुढे निकाल पॉझिटिव्ह धरतात तो) चढवून ९७ मिळवणार असाल तर सेन्सिटिव्हिटीही उतरेल. दोन्ही आकडे एकाच आरओसी वक्रावरून (कटऑफ बदलताना दोन्ही कसे बदलतात ते दाखवणाऱ्या आलेखावरून) घ्या, दोन वेगवेगळ्या अभ्यासांतले सोयीचे उचलू नका. एनएलएसटीत सीटीच्या तिन्ही फेऱ्या मिळून २४.२ टक्के चाचण्या पॉझिटिव्ह होत्या आणि त्यातल्या ९६.४ टक्के खोट्या.

दुसऱ्या फेरीला पुन्हा ०.५ टक्के वापरू नका. पहिल्या फेरीने साठा उपसलेला असतो.

उतारगणित

दुसऱ्या शेऱ्याकडे वळू: इन्क्रिमेंट, म्हणजे वाढीव खर्च भागिले वाढीव क्वाली. तुमचे क्वाली दुरुस्तीनंतर बदलतील, पण पद्धत हीच. प्रत्येक पर्याय त्याच्या लगतच्या स्वस्त पर्यायाशी ताडायचा:

३ वर्षांनी: ३,००० ÷ ६० = ५०
२ वर्षांनी: १,५०० ÷ १२ = १२५
दरवर्षी: ४,२०० ÷ ७ = ६००

तुमचे ११० हे सरासरीचे आहेत. पहिल्या ६० क्वालींची स्वस्ताई शेवटच्या ७ क्वालींची महागाई झाकून टाकते. १५०च्या मर्यादेत दर दोन वर्षांनी बसतं. दरवर्षी चौपट बाहेर आहे.

याचं गाजलेलं उदाहरण १९७५चं, न्यूहाउझर आणि लेविकी यांचं. शौचातलं रक्त तपासणारी ग्वायक चाचणी लागोपाठ सहा वेळा केली तर? १०,००० लोक, ७२ कर्करोग. सहा चाचण्यांची सरासरी काढली तर एका रुग्णामागे २,४५१ डॉलर. फक्त सहाव्या चाचणीमुळे सापडणाऱ्या जादा रुग्णामागे मात्र ४ कोटी ७१ लाख डॉलर. हा आकडा वर्गात सांगायला छान आहे, पण त्यामागे प्रत्येक चाचणी उरलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के पकडते असं गृहीतक होतं. रक्त न झिरपणारी गाठ पहिल्यांदा सुटते तशी सहाव्यांदाही सुटते, तेव्हा त्या गृहीतकावर पुढे टीका झाली ती योग्यच. सरासरी आणि वाढीव खर्चातला फरक त्यामुळे खोटा ठरत नाही.

छेदस्थान

सहगट यांच्या अतिनिदानाच्या मुद्द्याला एक पुस्ती. त्याची टक्केवारी कधी मोजली यावर उत्तर बदलतं. तपासणी थांबल्यावर नियंत्रण गटातल्या गाठी हळूहळू उघड होतात आणि दोन गटांतली दरी भरत येते. त्याआधी मोजलं तर लीड टाइमच अतिनिदान म्हणून मोजला जातो. एनएलएसटीवरून २०१४ मध्ये हा अंदाज १८.५ टक्के होता. पाठपुरावा अकरा वर्षांच्या पुढे गेल्यावर ३ टक्क्यांच्या आसपास आला. न्यूरोब्लास्टोमाचं उदाहरण निर्विवाद आहे, पण १८.५सारखा आकडा मॉडेलमध्ये ठोकून बसवू नका, पट्टा द्या. आणि छेद कोणता ते लिहा: स्क्रीनिंगमध्ये सापडलेले, की आयुष्यभरातले सगळे कर्करोग.

पायरीपायरीने

सूट दर (पुढच्या काळातला खर्च-फायदा आजच्या किमतीत आणताना दरवर्षी कापायचा टक्का) विसरू नका. खर्च आज, फायदा दहा-पंधरा वर्षांनी. ३ टक्क्यांनी १५ वर्षांनंतरच्या एका क्वालीचे आज ०.६४ उरतात, ५ टक्क्यांनी ०.४८. नुसत्या दर बदलण्याने क्रम उलटू शकतो, म्हणून दोन्ही छापा.

सादर करण्याआधी मॉडेलवर दोन धावा घ्या. सेन्सिटिव्हिटी शून्य करा: दोन्ही बाजूंची आयुष्यवर्षं तंतोतंत सारखी यायला हवीत. मग सेन्सिटिव्हिटी परत आणून उपचाराचा हॅझार्ड रेशो १ करा: आयुष्यवर्षं पुन्हा सारखीच हवीत, आणि क्वाली किंचित घटायला हवेत, कारण फॉल्स पॉझिटिव्हची धास्ती आणि आधीपासून रुग्ण म्हणून काढलेला काळ उरतो. इथे आयुष्यवर्षं वाढलेली दिसली तर लीड टाइम कुठून तरी गळतोय. बहुधा त्या सेलमध्ये, जिथे निदानाच्या वयात जगण्याची वर्षं मिळवली आहेत.