मुंबईहून परतताना कसारा घाट आणि देवगिरीचा किल्ला उजेडात कसा गाठावा?

दुधनाकाठ: कामासाठी महिन्यातून दोनदा जालना-मुंबई होतं. दोन्ही वेळा रात्रीची गाडी, त्यामुळे घाट अंधारातच निघून जातो. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतलो तर कोणती गाडी घ्यावी? प्रवासात तीन-चार तास लॅपटॉपवर कामही उरकायचंय.

रूळवाटा: तपोवन एक्स्प्रेस, डोळे मिटून. मुंबईहून सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे घाट कोवळ्या उन्हात येतो. कसारा ते इगतपुरी जेमतेम चौदा किलोमीटर, पण चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. एवढा चढ एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर लागतात. मागून हलकासा धक्का बसला की समजा, लागली. मग गाडी इतकी सावकाश चढते की कड्यावरून उतरणारं पाणी नीट बघता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये हा घाट चुकवूच नका.

मनमाडनंतर अणकाई-टणकाई या जोडकिल्ल्यांची जोडगोळी दिसते. देवगिरी मात्र छत्रपती संभाजीनगरच्या अगदी अलीकडे, डाव्या हाताला. पोटूळ स्टेशन मागे पडलं की डावी खिडकी सोडू नका.

काळीमाती: वंदे भारतही दुपारी घाटातूनच जाते. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्याने बँकरची गरज नाही, त्यामुळे कसाऱ्याचा तो थांबा वाचतो. मात्र ती संभाजीनगरला संध्याकाळी पोचते, हिवाळ्यात किल्ला अंधारात जातो.

एसीबद्दल एक सांगतो. पावसाळ्यात थंड काचेवर बाहेरच्या बाजूने दव धरतं, ते आतून पुसता येत नाही. ऐन घाटात काच पांढरी होते. म्हणून तपोवनचं सेकंड सिटिंग (बिनएसी बसायचा डबा) बरं, खिडकी उघडी राहते. पाऊस आत आला की शटर अर्धं खाली ओढायचं. तिकीट काढताना खिडकीची पसंती देता येते, पण डावी-उजवी निवडता येत नाही. उजवी मिळालीच तर पोटूळला शेजाऱ्याला विनंती करा, लोक देतात. दारात उभं राहू नका, घाटात वळणं आणि बोगदे फार.

दुधनाकाठ: आणि काम?

रूळवाटा: घाटात लॅपटॉप बंदच ठेवा. बोगद्यात नेटवर्क जातं, कॉल तुटतो. फाइली आदल्या रात्री उतरवून घ्या आणि नाशिक रोड सुटलं की लिहायला बसा. नगरसोल ते लासूर सपाट रान आहे, तिथंही मान वर करायची गरज पडत नाही. बॅटरी पूर्ण भरून निघा. बऱ्याच डब्यांत सॉकेटला ११० व्होल्ट असतात. अडॅप्टरवर १००-२४० छापलेलं असेल तर चालतो. आणि उघड्या खिडकीशी बसताय तर कीबोर्डवर पातळ रुमाल टाका, धूळ बारीक असते, बटणांत जाऊन बसते.