जागा राखीव आहेत, पण दाराशी काय होतं?

आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव असूनही त्या फिटर-वेल्डर अशा लोखंडकामाच्या ट्रेडना येत नाहीत, म्हणजे त्यांनाच आवड नाही, असं तुम्ही म्हणता. मला हे पटत नाही. माझी भाची फिटरला गेली तेव्हा फॉर्म घेणाऱ्यानेच तिला शिवणकामाचा ट्रेड सुचवला. हट्टाने प्रवेश घेतला, तर वर्कशॉपजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. दिवसभर पाणी कमी प्यायची पोर. व्हाइस, म्हणजे लोखंड घट्ट धरणारा शिकंजा, तिच्या कोपरापेक्षा बराच उंच. त्यामुळे लोखंड घासायची कानस सपाट चालेना, जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, बाक यायचा, आणि सर म्हणायचे, "मुलींच्या हातात जोर नसतो." शेवटी पायाखाली लाकडी फळी घेतली, आणि गुण्याला, म्हणजे काटकोन नि सपाटी तपासायच्या साधनाला, पृष्ठभाग बरोबर लागला! जोराचा प्रश्नच नव्हता हो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने शाळाशाळांत नेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलंमुली दोघंही वेल्डिंग करतात, वायरिंग करतात. डॉ. कलबागांनी हा आश्रम १९८३ साली सुरू केला. आठवी-नववीत हातात हत्यार आलेल्या मुलीला दहावीनंतर फिटर हा शब्द परका वाटत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आणि हो, स्वच्छतागृह तर उद्याच बांधा.