उन्हाळ्यात रोज गॅससमोर उभं राहायचं नाहीये, उरलेलं फ्रीजरला टाकून कोण कोण भागवतं?

पश्चिमेची_खिडकी
मंडळी, आमचं किचन पश्चिमेला. संध्याकाळी सातपर्यंत ओटा तापलेला असतो आणि गॅस चालू असला की पंखा लावायची सोय नाही, ज्योत फडफडते. अंधेरीहून बोरिवलीपर्यंत लोकलमध्ये चेंगरून आल्यावर कुकर लावा, कणीक मळा, भाजी चिरा... अंगात जीवच उरत नाही हो. बातम्यांत ३४-३५ सांगतात, ऐकायला काही विशेष वाटत नाही, पण या दमट हवेत ओट्याशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी पाठीवरून धारा. रोज बाहेरून मागवणं खिशालाही झेपत नाही आणि पोटालाही.
तर विचार असा आहे की उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात कोंबण्यापेक्षा किंवा रविवारी मुद्दाम जरा जास्त करून फ्रीजरला टाकायचं आणि मे महिना त्याच्यावर काढायचा. काय चांगलं राहतं आणि कशाची वाट लागते? भात चालतो का? फ्रीज सिंगल डोअर आहे, वरती तो छोटा फ्रीजर. सासूबाई शिळं म्हणून हात लावणार नाहीत, त्यांचं वेगळं बघते, पण आम्हा दोघांसाठी सांगा.

ओटा_आणि_मी
मी मुलुंडला, आमच्याकडे दर उन्हाळ्यात हेच चालतं. पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण ताटच्या ताट फ्रीज करायच्या मागे लागू नकोस, ज्याला गॅससमोर वेळ जातो तेवढंच करून ठेव. म्हणजे कांदाखोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण, शिजवलेले छोले राजमा, मोड आलेली मटकी एक वाफ काढून, तूरडाळ शिजवून घोटलेली. हे असलं की रात्री फक्त फोडणी द्यायची आणि एक उकळी, तेवढ्यात आंघोळ करून येणाऱ्याच्या हातात ताट. तयार पदार्थांत उसळी, मिसळीचा कट, छोले, पुरण, इडल्या एकदम मस्त राहतात. इडली तर वाफवली की काल केलीये का महिन्याभरापूर्वी ते ओळखून दाखव.
बटाट्याच्या फोडी मात्र नकोच. रस्सा भाजीतला बटाटा बाहेर काढला की भुसभुशीत झालेला असतो आणि पाणी वेगळं. गंमत म्हणजे पावभाजीची भाजी छान राहते कारण त्यात बटाटा आधीच ठेचलेला, बिघडायला काही शिल्लकच नाही. कढी फुटते, नारळाच्या दुधाचं काहीही फुटतं, उकडलेल्या अंड्याचं पांढरं रबर होतं, काकडी टोमॅटोच्या कोशिंबिरीचा तर विचारही करू नको. पनीर जरा कोरडं पडतं, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवलं की येतं ताळ्यावर.
आणि पाव!! या हवेत लादी बाहेर ठेवली की बुरशी धरायला वेळ लागत नाही. आणल्याबरोबर पाव सुटे करून पिशवीत भरून फ्रीजरला, काढून थेट तव्यावर बटर लावून. कट आणि पाव दोन्ही फ्रीजरला असले की रात्री नऊला घरात मिसळ, फरसाण तेवढं कोपऱ्यावरून आणायचं.
भरायचं कसं तर झिपलॉकमध्ये एका जेवणापुरतं, हवा काढून, ताटलीवर आडवं ठेवून चपटं गोठवायचं, मग फायलींसारखं उभं लावायचं. छोट्या फ्रीजरात डब्यांनी जागा खाल्ली जाते. डबा वापरलासच तर काठोकाठ नको, पाणी गोठताना फुगतं आणि झाकण उचलतं. काचेची बाटली अजिबात नको, तडकते.
आणि पेपर टेपवर नाव तारीख लिहीच लिही. फ्रीजरमध्ये पुरण, पिठलं, वरण, आमरस सगळं एकाच पिवळ्या रंगाचं दिसतं, नवऱ्याने वरण समजून काय कढईत ओतलं असेल ते तूच ओळख.

पेट्रीडिश
वरच्या सगळ्याला +१, फक्त भाताबद्दल सविस्तर सांगतो कारण मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि यावरून घरी भांडणं होतात.
फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. म्हणजे आत जाताना अन्न जसं होतं तसंच बाहेर येणार, फ्रीजर त्याला सुधारून देणार नाही. खरा धोका आत ठेवायच्या आधी आणि बाहेर काढल्यानंतर. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची चैन असते. एरवी शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये म्हणतात आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता मुंबईच्या किचनमध्ये मे महिन्यात किती असतं ते सांगायची गरज नाही. 'रात्री जेवणं झाल्यावर झोपताना ठेवू' इथेच सगळं बिघडतं, वाढायच्या आधीच बाजूला काढा.
भातात बॅसिलस सिरीअस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून 'वास घेऊन बघितला चांगला आहे' हे इथे चालत नाही. त्यामुळे भात फ्रीज करा खुशाल, पण परातीत पातळ पसरून, वाफ गेली की लगेच आत. काढल्यावर थोडं पाणी शिंपडून कडकडीत वाफवायचा, मग हवा तर फोडणीचा करा. दहीभात करणार असाल तरी आधी वाफवून मग गार करा.
आमटी उसळ गार करायला पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा, पटकन उतरतं. गरम पातेलं तसंच फ्रीजरला ढकललं तर शेजारचं सगळं मऊ पडतं, छोट्या फ्रीजरला तर अजिबातच झेपत नाही.
वितळवायचं ओट्यावर ठेवून नाही. सकाळी निघताना पिशवी खालच्या कप्प्यात टाका, संध्याकाळपर्यंत सुटते. विसरलात तर चपटी पिशवी गार पाण्यात, किंवा सरळ कढईत टाकून वर झाकण. एकदा सोडवलेलं परत गोठवत बसू नका, म्हणूनच एका जेवणापुरतं भरायचं.

मेतकूट
मला कळत नाही, उन्हाळ्यात एवढं फ्रीजर-फ्रीजर कशाला? आपल्याकडे गॅस न पेटवता होणारं कमी आहे का. दहीपोहे, ताकातले पोहे, मऊ भात मेतकूट तूप, आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ सकाळी भिजत घालून जा, आल्यावर कैरी घालून भरड वाट, वरून चमचाभर फोडणी, झालं. सोबत काल केलेली पोळी सुद्धा चालते. या उकाड्यात रात्री छोले कोण खातं? आमच्या गिरगावातल्या घरात उन्हाळ्यात रात्री ताकभातच असायचा आणि सगळे धडधाकट आहेत. आणि शिळं ते शिळंच, तारीख लिहिली म्हणून ताजं होत नाही.

पश्चिमेची_खिडकी
@मेतकूट काकू (काकूच ना? 😄) आंबेडाळ जीव की प्राण, पण आठवडाभर दहीपोहे दिले तर घरात मोर्चा निघेल. आणि तो मऊ भात तरी गॅसवरच होतो की!

मेतकूट
काकूच. बरं, एक पोळीभाजी एक दहीपोहे असं तर कर. कैरी उकडून गर काढून ठेव त्या फ्रीजरमध्ये, त्याला माझी काही हरकत नाही. आल्याआल्या गूळ पाणी घालून पन्हं.

ओटा_आणि_मी
काकू, श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खातोच की आपण 😀 पण कैरीच्या गराला पूर्ण पाठिंबा. खवलेलं खोबरंही त्याच रांगेतलं, ते तर सगळ्यांच्याच फ्रीजरला असतं आणि त्याला कोणी शिळं म्हणत नाही.

बदलापूर_फास्ट
मुंबईवाल्यांचं बरं आहे, आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आमची युक्ती अशी, वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. गावाहून आलात आणि नाणं वरच असेल तर ठीक, तळाला गेलं असेल तर मधे बर्फ पूर्ण वितळून परत गोठलाय, सगळं टाकून द्या, हळहळत बसू नका. वेगळ्या दाराचा फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर ४८ तास धरतो म्हणतात, अर्धा असेल तर २४. सिंगल डोअरच्या त्या खणाकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. तुमचा खण पुरेसा गार आहे का ते आइस्क्रीम ठेवून बघा. दगडासारखं घट्ट राहत असेल तर महिनाभर ठेवायला हरकत नाही. चमचा सहज जात असेल तर फ्रीजरला लागणाऱ्या उणे १८ अंशांपासून बराच लांब आहे, मग चारपाच दिवसांत संपवायचं तेवढंच ठेवा. आणि बर्फाचा थर साचला की डीफ्रॉस्टचं बटण दाबून काढत जा, दमट हवेत तो भराभर साचतो, थर वाढला की गारवा कमी.

कालवणवाली
माशांचं कोणी बोललंच नाही, शाकाहारी धागा आहे का? 😅 माहीमहून लिहितेय. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, त्यामुळे मे अखेरीला आमच्याकडे फ्रीजरची लढाईच असते. शिजवलेलं कालवण मासे घालून फ्रीज करू नका, परत गरम करताना तुकडे मोडतात आणि सगळा चोथा होतो. नुसतं वाटण ठेवा, खोबरं, मिरची, धणे, चिंच वाटलेलं, चपट्या पिशवीत. सुरमईचे तुकडे स्वच्छ करून पाणी पुसून मीठ हळद चोळून वेगळे, दोन जेवतील एवढेच एका पिशवीत. कोळंबी सोलून. बोंबलाच्या भानगडीत पडू नका, आधीच अंगभर पाणी, सोडवल्यावर हातात काही राहत नाही, तो ताजाच खावा नाहीतर सुका. वाटण उकळलं की तुकडे टाकायचे, जेमतेम दहा मिनिटं गॅससमोर.

पश्चिमेची_खिडकी
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! आइस्क्रीम टेस्ट आजच करते, निमित्त मिळालं. या रविवारी मटकी, मिसळीचा कट, कांदाखोबऱ्याचं वाटण आणि पाव एवढंच, जागाही तेवढीच आहे. भात रोजचा ताजा करेन, एवढं ऐकल्यावर हिंमत नाही, अर्धी वाटी तांदळाला कितीसा वेळ लागतो. शेवटचं एक, आमरस? पेटी आलीये गावाहून आणि सगळे आंबे एकदम पिकलेत.

ओटा_आणि_मी
नुसता रस काढ, दूध पाणी काही घालू नको, वेलचीसुद्धा नाही. साखर घालायची तर अगदी थोडी. चपट्या पिशव्या कर म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. आणि टेपवर ठळक 'आमरस' लिही, तुझ्याकडे फोडणी कोण देतं मला माहीत नाही.

मेतकूट
काळे डाग पडलेले आंबे बाजूला काढ आधी, एकाने सगळ्या रसाला आंबूस वास लागतो. आणि सासूबाईंना सांग महिनाभर काकूंनी चालेल म्हटलंय, आमरसाचं.