मदत हवी आहे : 'द पॅसिफिक' मालिकेतील 'मरीन', 'फिफ्थ मरीन्स' आणि 'पलटण' मराठीत कसे लिहावे?

माझे वडील पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले असून आता त्यांचे वय ८१ आहे. गेले सात रविवार आम्ही दोघे एचबीओची २०१० सालची 'द पॅसिफिक' ही दहा भागांची मालिका पाहत आहोत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, जपान्यांशी कसे लढले याची ती कथा आहे. अमेरिकी उच्चार त्यांना कळत नाहीत आणि सबटायटल वाचून होईपर्यंत दृश्य पुढे सरकते, म्हणून प्रत्येक भागाआधी मी मोठ्या अक्षरांत दोन पानी मराठी टिपण लिहून देतो. या टिपणातल्या शब्दांवरच मी अडलो आहे.

पहिल्या भागासाठी मी 'मरीन'चे 'नौसैनिक' केले होते. ऑगस्ट १९४२ मधले ग्वाडलकनाल बेट, गुडघाभर चिखल, पकडलेला जपानी तांदूळ खाऊन दिवस काढणारी पोरे. बाबांनी हात वर करून मालिका थांबवायला लावली आणि विचारले, "अरे, हे नौसैनिक ना? मग यांचे जहाज कुठे आहे?" प्रश्न बिनतोड होता. ८ ऑगस्टच्या रात्री सावो बेटाजवळ जपान्यांनी दोस्त राष्ट्रांच्या चार क्रूझर (युद्धनौका) बुडवल्यानंतर वाहतुकीची जहाजे अर्धवट माल उतरवूनच निघून गेली आणि मरीन बेटावर मागे राहिले, हे मी त्यांना समजावले. परंतु मुळात माझा शब्दच चुकीचा होता. मरीन कोअर नौदल खात्याच्या अखत्यारीत असले तरी ते वेगळे दल आहे. त्यांच्यासोबत जखमींना पाहणारे कॉर्प्समन तेवढे नौदलाचे असतात. 'मरीन कमांडो' लिहावे, तर आपल्याकडे त्याचा अर्थ भारतीय नौदलाचे निवडक विशेष दल असा होतो, आणि येथे तर हजारोंच्या संख्येने उतरणारे पायदळ आहे. 'सागरी पायदळ' हा शब्द मी सध्या वापरतो, परंतु तो कानाला कृत्रिम वाटतो. याहून रुळलेला शब्द कोणी छापील मराठीत वाचला आहे का?

खरी पंचाईत आकड्यांची आहे. 'फिफ्थ मरीन्स' म्हणजे पाचवी डिव्हिजन नव्हे, तर पाचवी मरीन रेजिमेंट. (उतरती भाजणी अशी : डिव्हिजन, रेजिमेंट, बटालियन, कंपनी, प्लॅटून.) पहिल्या मरीन डिव्हिजनमध्ये १, ५ आणि ७ या पायदळाच्या व ११ ही तोफखान्याची, अशा रेजिमेंट होत्या. मालिकेतला रॉबर्ट लेकी पहिल्या रेजिमेंटचा, युजीन स्लेज पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधल्या के कंपनीचा, तर जॉन बॅसिलोन सातव्या रेजिमेंटचा. येथवर बाबांना कागदावर आकृती काढून दिली की ते खूश असतात. (कंपन्यांच्या अक्षरांत 'जे' का नाही, हेही त्यांनी विचारून झाले आहे.)

येत्या रविवारी मात्र आठवा भाग आहे. मायदेशी सन्मान मिळवून परतलेला बॅसिलोन फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा या जपानी बेटावर उतरतो, तो सत्ताविसाव्या रेजिमेंटमधून, आणि ती रेजिमेंट १९४४ मध्ये उभारलेल्या पाचव्या मरीन डिव्हिजनची आहे. म्हणजे स्लेजही 'पाचवा' आणि बॅसिलोनही 'पाचवा'; तरी स्लेजची पहिली डिव्हिजन इवो जिमाला नव्हतीच, ती १ एप्रिलला ओकिनावावर उतरली. मी ही मालिका पूर्वी एकट्याने पाहिली तेव्हा याच जागी माझा गोंधळ झाला होता. तीन माणसांच्या तीन कथा समांतर चालवण्याचा मोह दिग्दर्शकांना आवरला असता, तर प्रेक्षकाचे हाल कमी झाले असते, असे माझे मत आहे. पेलेलियू बेटावरच्या लढाईचे तीन भाग उत्तम जमले आहेत ते बरेचसे स्लेजला धरून राहिल्यामुळेच.

'पलटण' हा शब्दही अडचणीचा ठरला. मी तो 'प्लॅटून'साठी लिहिला, कारण नाते उघड दिसते. बाबांनी तो लाल पेनाने खोडला. त्यांच्या नोकरीत पलटण म्हणजे अख्खी बटालियन, तिचे संख्याबळ शेकड्यांत. प्लॅटून म्हणजे तीसचाळीस माणसे. मॉर्टरला 'उखळी तोफ' लिहिले ते त्यांनी मान्य केले, पण स्लेज दोघातिघांसह वाहून नेतो ती साठ मिलिमीटरची नळी पाहून "हिला तोफ म्हणायचे?" असे पुटपुटले. हुद्द्यांसाठी ते कॉर्पोरलला नाईक आणि सार्जंटला हवालदार लिहायला सांगतात. ते सैन्याच्या दृष्टीने योग्य आहे, परंतु शेजारी बसलेल्या आईला 'हवालदार बॅसिलोन' ऐकून चौकीवरचा पोलीस आठवतो.

युद्धेतिहासाचे भाषांतर केलेल्या किंवा सैन्यात नोकरी केलेल्या सभासदांनी कृपया सांगावे : 'फिफ्थ मरीन्स' आणि 'फिफ्थ मरीन डिव्हिजन' यांतला फरक एका नजरेत कळेल असे मराठीत कसे लिहावे? 'पाचवी रेजिमेंट (पहिली डिव्हिजन)' असे प्रत्येक वेळी लिहिले तर ओळ फार लांबते आणि मोठ्या अक्षरांत पानावर मावत नाही. हुद्दे मूळ इंग्रजी ठेवावेत की भारतीय? शनिवारी रात्रीपर्यंत उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील. बॅसिलोन इवो जिमावर पहिल्याच दिवशी मारला जातो, हे मी टिपणात लिहिणार नाही. कोणी उत्तरात लिहिले तरी हरकत नाही, बाबा येथे येत नाहीत.