मदत हवी आहे : इंग्लंडमधल्या पक्ष्यांच्या नावाच्या पबच्या पाट्या

नमस्कार मंडळी, यूकेतल्या लोकांना विशेष विचारतेय. पबबाहेर टांगलेल्या चित्रांच्या पाट्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय आणि आता फक्त पक्षीच घ्यायचे असं ठरवलंय, पण हंस इतके आहेत ना की विचारू नका! 1393 मध्ये इंग्लंडच्या राजा दुसऱ्या रिचर्डने एल (एक प्रकारची बिअर) विकणाऱ्यांना पाटी लावायची सक्ती केली, बहुतेकांना वाचता यायचं नाही म्हणून चित्रं, मग राजाची नाहीतर सरदारांची चिन्हं आयतीच सापडली. ऑक्सफर्डच्या 'ईगल अँड चाइल्ड'चं नाव तसंच, गरुड आणि बाळ हे डर्बीच्या अर्लचं (सरदाराचं) म्हणजे स्टॅन्ली घराण्याचं चिन्ह. तो पब 2020 मध्ये बंद झाला, तर पाटी अजून जागेवर आहे का, कुणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सांगा.

शेक्सपिअरच्या गावातल्या, स्ट्रॅटफर्डच्या 'ब्लॅक स्वान' पबला सगळे 'डर्टी डक'च म्हणतात, नाटकवाल्यांचा अड्डा, तो करणारच आहे. पण बर्मिंगहॅमहून ट्रेनने, गाडी न चालवता, एका दिवसात अजून काय जमेल? घुबड, मोर, पेलिकन असं काही असेल तर फारच भारी, हंस नकोत आता.

दुसरं म्हणजे मोबाईलवर मागचं आभाळ पांढरंफटक येतं आणि पाटी काळी पडते, फोटोवाल्यांनो काय सेटिंग ठेवता? आणि हो, मी पीत नाही, नुसता लाइम सोडा घेऊन बसलं तर कुणी वाकडं बघत नाही ना?